कृत्रिम सूर्याची वीज: किती युनिट आणि कुठे मोजलेली?

जानेवारी २०२५ मध्ये चीनमधील हेफेई शहरातल्या 'ईस्ट' या यंत्राने अतितप्त वायू १,०६६ सेकंद टिकवून धरल्याची बातमी आली, आणि महिना उलटायच्या आत फ्रान्समधल्या 'वेस्ट' या यंत्राने १,३३७ सेकंदांची मजल मारून तो विक्रम मोडला. त्याच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळाल्याचे जाहीर केले होते. या तिन्ही बातम्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या बहुधा एकाच मथळ्याखाली: कृत्रिम सूर्य तयार झाला, आता वीज अमर्याद. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची धुरांडी रोज पाहणाऱ्या नागपूरकराला त्यावर पडणारा प्रश्न रास्तच आहे. ही वीज येणार कधी, आणि येत नसेल तर घोडे अडले कुठे?

सूर्य ज्यावर चालतो ते अणुकेंद्रकांचे संलयन, म्हणजे हलकी केंद्रके जोडणे, माणसाला जमत नाही, असे मुळीच नाही. अर्नेस्ट रदरफोर्ड आणि त्यांचे सहकारी मार्क ऑलिफंट व पॉल हार्टेक यांनी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत ते १९३४ सालीच करून दाखवले होते. अडचण आहे ती जमाखर्चाची: किती ऊर्जा घातली, किती मिळाली, आणि दोन्ही आकडे नेमक्या कोणत्या ठिकाणी मोजले. या लेखात म्हणूनच शास्त्रज्ञांचे मेगाज्यूल आपल्या वीजबिलावरच्या युनिटांत बदलून घेतले आहेत. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या वेळी येणारी बातमी स्वतःच तपासून पाहता येईल.

०.७ टक्क्याची तूट

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य असून त्याच्या अणूच्या मध्यभागी, म्हणजे केंद्रकात, साधारणपणे एकच प्रोटॉन असतो. हेलियमच्या केंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. १९२० च्या सुमारास केंब्रिजमध्ये फ्रान्सिस ॲस्टन यांनी अणूंची वस्तुमाने अतिशय काटेकोरपणे मोजली, तेव्हा हायड्रोजनच्या चार अणूंचे एकूण वस्तुमान हेलियमच्या एका अणूपेक्षा सुमारे ०.७ टक्क्याने जास्त भरते असे दिसून आले. म्हणजे चार हायड्रोजन एकत्र येऊन एक हेलियम होत असेल, तर थोडे वस्तुमान हिशेबातून गळते. ते जाते कुठे? आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार त्याची ऊर्जा होते, आणि सूर्य याच ऊर्जेवर चालत असावा, असा तर्क आर्थर एडिंग्टन यांनी त्याच वर्षी मांडला. सूर्यात हे नेमके कोणत्या टप्प्यांनी घडते ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस हान्स बेथे यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही तूट दिसायला किरकोळ आहे, पण एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदलले तर अडीच कोटी युनिट होतात. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यातले ४० लाखांहून अधिक टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते.

हलकी केंद्रके जोडण्याच्या या क्रियेला संलयन म्हणतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात घडते ते याच्या उलट, म्हणजे युरेनियमसारख्या जड केंद्रकाचे तुकडे होणे. त्याला विखंडन म्हणतात. दोन्हींत ऊर्जा निघते, परंतु विखंडन सुरू करणे सोपे असून त्याला आवरून धरावे लागते, तर संलयन सुरू करणेच कठीण असून ते चालू ठेवावे लागते. पुढची बहुतेक गुंतागुंत या एका फरकातून येते.

सूर्यापेक्षा दहापट तापमान कशाला?

सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. पृथ्वीवरच्या संलयन यंत्रात मात्र सुमारे १५ कोटी अंश लागतात, आणि हे ऐकून अनेकांना हा आकडा चुकीचा छापला असावा असे वाटते. आकडा बरोबर आहे. त्याचे कारण असे की ऊर्जानिर्मितीचे यंत्र म्हणून सूर्य अत्यंत संथ आहे. त्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटर जागेतून निघणारी शक्ती जेमतेम २७५ वॉट भरते, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात एका खोलीचा कूलर साधारण जेवढी वीज खातो तेवढीच. सूर्य तळपतो तो त्याच्या अफाट आकारामुळे. आपल्याला तेवढी जागाही नाही आणि तेवढा धीरही नाही.

दोन केंद्रके एकमेकांजवळ येऊ पाहतात तेव्हा दोघांवरही धन प्रभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. अगदी जवळ आली, तर मात्र केंद्रकीय बल त्यांना घट्ट जोडते. तेवढ्या जवळ येण्यासाठी ती प्रचंड वेगाने आदळावी लागतात, आणि वायूतल्या कणांचा वेग म्हणजेच त्याचे तापमान. सूर्यात कणांवर प्रचंड दाब असतो आणि कोट्यवधी वर्षे थांबायची सोय असते. आपल्याकडे दोन्ही नसल्याने तापमान वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

इंधनही त्यामुळेच वेगळे घ्यावे लागते. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ आहे. त्याच्या केंद्रकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन असतो आणि समुद्राच्या पाण्यातल्या दर साडेसहा हजारांच्या आसपासच्या हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. ट्रिटियममध्ये दोन न्यूट्रॉन असतात, तो किरणोत्सारी असतो आणि निसर्गात जवळजवळ सापडत नाही. या दोघांचे संलयन इतर कोणत्याही जोडीपेक्षा कमी कष्टात होते, आणि त्यातून हेलियमचे एक केंद्रक व एक अतिवेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतो. या मिश्रणाचा एक ग्रॅम पूर्ण वापरला गेला तर सुमारे ९४ हजार युनिट उष्णता मिळते. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घराला ही ३१ वर्षांची बेगमी झाली असती. पण उष्णतेची वीज करताना साधारण एक तृतीयांशच हाती लागते, म्हणून दहा वर्षे म्हणावे. एका ग्रॅमच्या मानाने तेही थोडे नाही.

एवढ्या तापमानाला कोणताही पदार्थ घन, द्रव किंवा नेहमीचा वायू राहत नाही. इलेक्ट्रॉन अणूपासून सुटतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन व मोकळी केंद्रके यांचे विद्युतभारित मिश्रण बनते, त्याला प्लाझ्मा म्हणतात. कोणत्या तापमानाला व दाबाला अणूंचा किती भाग असा सुटा होतो, हे सांगणारे समीकरण १९२० साली मेघनाद साहा यांनी मांडले, आणि ताऱ्यांचे भौतिकशास्त्र आजही त्यावर उभे आहे.

चूल आपली आपण केव्हा पेटती राहते?

ओल्या लाकडांची चूल पेटवण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना संलयनातली खरी मेख लगेच कळेल. रॉकेल ओतून, फुंकणीने फुंकून ज्वाला निघते, पण फुंकणे थांबले की चूल विझते. लाकडे पुरेशी जवळ रचलेली हवीत, आग पुरेशी तापलेली हवी आणि ती उष्णता चुलीबाहेर फार लवकर निसटता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या, तरच पेटलेले लाकूड शेजारच्या लाकडाला वाळवते, पेटवते, आणि फुंकणी बाजूला ठेवता येते.

ब्रिटिश अभियंते जॉन लॉसन यांनी १९५० च्या दशकात हेच प्लाझ्मासाठी गणिताने मांडले. कणांची घनता, तापमान, आणि उष्णता किती वेळ आत टिकते तो काळ, या तिघांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला पाहिजे. एक कमी असेल तर दुसऱ्याने भरून काढता येते, पण गुणाकार भरलाच पाहिजे. संलयनात फुंकणीचे काम बाहेरून दिलेली उष्णता करते, आणि शेजारच्या लाकडाला वाळवण्याचे काम नव्याने तयार झालेले हेलियमचे केंद्रक करते. संलयनातून निघालेल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा भाग त्याच्या वाट्याला येतो, आणि त्यावर विद्युतप्रभार असल्याने ते प्लाझ्मातच अडकून त्याला तापवत राहते. उरलेला चार-पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन बाहेर जातो.

संलयनातून मिळालेली शक्ती भागिले प्लाझ्मा तापवण्यासाठी बाहेरून दिलेली शक्ती, या गुणोत्तराला या क्षेत्रात 'क्यू' म्हणतात. क्यू एक झाला म्हणजे प्लाझ्माच्या पातळीवर जमाखर्च बरोबरीत आला. क्यू पाच झाला की आतली उष्णता बाहेरच्या उष्णतेइतकी होते, आणि तिथून पुढे आग खऱ्या अर्थाने स्वतःच्या बळावर जळू लागते.

धरून ठेवायचे कशात?

पंधरा कोटी अंशांचे काहीही कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. इथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भांडे वितळण्याचे चित्र येते, पण प्रत्यक्षात भीती उलटी आहे. यंत्रातला प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो, एकूण वजन जेमतेम ग्रॅमभर. त्यामुळे तो भिंतीला टेकला तर भिंतीला इजा होईल हे खरे, पण त्याआधी प्लाझ्माच क्षणात थंड होऊन विझेल. त्याला भिंतीपासून दूर ठेवायचे ते भिंतीइतकेच त्याच्या स्वतःच्या जिवासाठी.

यासाठीचा सर्वांत यशस्वी उपाय म्हणजे चुंबकीय क्षेत्र. विद्युतभारित कण चुंबकीय बलरेषांभोवती गोल फिरत राहतात, त्यांना सहजासहजी सोडून जात नाहीत. बलरेषांचे बंद कडे बनवले की कणांना निसटायला टोकच उरत नाही. अशा कड्याच्या आकाराचे आणि प्लाझ्मातूनच मोठा विद्युतप्रवाह वाहवणारे यंत्र म्हणजे टोकामाक. ही कल्पना १९५० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघात आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर टॅम यांनी मांडली. १९६८ मध्ये मॉस्कोच्या 'टी-३' यंत्राचे आकडे जाहीर झाले तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यांवर विश्वासच बसेना. शेवटी शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ब्रिटिश शास्त्रज्ञांचे एक पथक आपली लेझर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी तापमान स्वतः मोजले आणि रशियनांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. त्यानंतर जगभर टोकामाकच उभे राहू लागले.

दुसरा मार्ग लेझरचा. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये सुमारे सेंटीमीटरभर उंचीची एक पोकळ नळी असते, तिच्या आत सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची गोळी आणि त्या गोळीच्या आतल्या बाजूला गोठवलेल्या ड्यूटेरियम-ट्रिटियमचा पातळ थर. १९२ लेझर किरण नळीच्या दोन्ही तोंडांतून आत शिरून तिच्या भिंतीवर पडतात, भिंतीतून क्ष-किरण निघतात, त्यांनी गोळीचे कवच बाहेर उडते आणि त्याच्या धक्क्याने आतले इंधन सर्व बाजूंनी चिरडले जाते. संलयन घडते ते एका सेकंदाच्या अब्जावधीव्या भागाहूनही कमी वेळात. टोकामाकमध्ये इंधन विरळ आणि वेळ जास्त, इथे इंधन अतिघन आणि वेळ जवळजवळ नाहीच. लॉसन यांचा गुणाकार मात्र दोन्हीकडे सारखाच. ही प्रयोगशाळा मुळात अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी उभारलेली आहे, हे सहसा बातमीत येत नाही.

तीन विक्रम, तीन निराळ्या गोष्टी

आता सुरुवातीच्या बातम्यांकडे वळू. ईस्ट आणि वेस्ट यांनी मिनिटांच्या हिशेबात प्लाझ्मा टिकवला, ही अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठीच कामगिरी आहे, कारण वीज केंद्र पाच सेकंद चालून भागत नाही. पण त्या प्रयोगांत ट्रिटियम नव्हते, त्यामुळे नाव घेण्याजोगी संलयन ऊर्जा निघालीच नाही. तो विक्रम वेळेचा होता, ऊर्जेचा नव्हता.

अमेरिकेतल्या ५ डिसेंबर २०२२ च्या प्रयोगात लेझरने लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि संलयनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. दीडपट, आणि प्रयोगशाळेत हे पहिल्यांदाच घडले. आता युनिटांत पाहू: घातले सुमारे ०.५७ युनिट, मिळाले सुमारे ०.८८ युनिट. एक युनिटही पुरते नाही. आणि ते लेझर चालवायला वीज जाळ्यातून जी ऊर्जा घ्यावी लागली ती सुमारे ३०० मेगाज्यूल होती, म्हणजे ८३ युनिट. लक्ष्याच्या दाराशी मोजले तर नफा, मीटरपाशी मोजले तर जवळजवळ सगळाच तोटा. पुढच्या प्रयोगांत या प्रयोगशाळेने मिळणारी ऊर्जा बरीच वाढवली, पण मीटरपाशीचे अंतर अजून फार मोठे आहे. शास्त्रज्ञांनी यात काहीही लपवलेले नाही, त्यांच्या पत्रकार परिषदेत दोन्ही आकडे सांगितले गेले होते; दुसरा आकडा मथळ्यात मावला नाही इतकेच.

तिसरे उदाहरण बातम्यांत कमी गाजलेले, पण माझ्या मते सर्वांत बोलके आहे. इंग्लंडमधील कलहॅम येथील 'जेट' या टोकामाकने १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षे काम केले. १९९७ मध्ये त्याने २४ मेगावॉट उष्णता घेऊन १६ मेगावॉट संलयन शक्ती दिली, म्हणजे क्यू ०.६७. ऑक्टोबर २०२३ मध्ये, बंद होण्यापूर्वीच्या अखेरच्या प्रयोगांत, त्याने सुमारे पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली, आणि तीही ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. ही १९ युनिट झाली, म्हणजे उन्हाळ्यात एसी चालवणाऱ्या घराचा एक-दोन दिवसांचा वापर. इंधनाच्या बाजूने पाहिले तर हे चकित करणारे आहे, कारण ०.२ मिलिग्रॅम बोटाच्या टोकावर ठेवले तर दिसणारही नाही. यंत्राच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. जेटचे चुंबक तांब्याचे होते आणि त्यांना क्षणभरात एवढी वीज लागे की ती एकट्या वीज जाळ्यातून ओढता येत नसे. म्हणून प्रत्येकी ७७५ टनांची दोन जडचक्रे आधी हळूहळू फिरवून वेगात आणायची आणि प्रयोगाच्या क्षणी त्यांच्यातली ऊर्जा काढून घ्यायची, अशी व्यवस्था होती. एकोणीस युनिटांमागे दीड हजार टनांहून जास्त लोखंड गरगरत होते.

म्हणून पुढची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: विक्रम वेळेचा, तापमानाचा की ऊर्जेचा, इंधनात ट्रिटियम होते का, आणि घातलेली ऊर्जा प्लाझ्मापाशी मोजली की मीटरपाशी.

शेवटी वाफच

संलयन केंद्रातून थेट वीज निघत नाही, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. न्यूट्रॉनवर विद्युतप्रभार नसल्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ जाऊन भोवतालच्या जाड आवरणात घुसतो आणि त्याला तापवतो. ती उष्णता पाण्याने किंवा दुसऱ्या द्रवाने वाहून न्यायची, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचे, जनित्र चालवायचे. म्हणजे बॉयलरनंतरचे सगळे कोराडीसारखेच, थंड करायला लागणाऱ्या पाण्यासकट. आज कोराडीच्या संचांसाठी भांडेवाडीत शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी वापरले जाते. संलयन केंद्र आले तरी पाण्याची ही सोय करावीच लागेल, कारण उष्णतेचा मोठा भाग वातावरणात सोडून द्यावाच लागतो. बदलेल ते बॉयलरच्या आधीचे. एक हजार मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला वर्षाला २५ ते ३० लाख टन कोळसा लागतो, आणि आपल्याकडच्या जास्त राखेच्या कोळशाने भागवायचे तर त्याहूनही बराच जास्त. तेवढ्याच क्षमतेच्या संलयन केंद्राला वर्षाला सुमारे २५० किलो इंधन पुरेल. राखेचे तलाव लागणार नाहीत, कोळशाच्या मालगाड्या लागणार नाहीत; वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणींवर जगणाऱ्या विदर्भातल्या गावांसाठी ही बातमी केवळ आनंदाची नसेल, हेही इथेच म्हटले पाहिजे.

या २५० किलोंपैकी ड्यूटेरियमची चिंता नाही. ट्रिटियमची आहे, आणि माझ्या मते संलयनातला सर्वांत कमी चर्चिला जाणारा प्रश्न हाच आहे. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे नुसते साठवून ठेवले तरी एवढ्या काळात ते निम्मे उरते. आज ते प्रामुख्याने जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून उपउत्पादन म्हणून मिळते आणि जगातला व्यापारी साठा पंचवीस-तीस किलोंच्या आसपास मानला जातो. वर्षाला दीडशे किलो खाणारे एक केंद्र यावर चालणे शक्य नाही. उपाय असा की भट्टीच्या आवरणात लिथियम ठेवायचे. न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होते. पण हिशेब इथेही घट्ट आहे. एक ट्रिटियम जळाला की एकच न्यूट्रॉन मिळतो आणि त्यातून फार तर एक ट्रिटियम परत येईल असे धरले, तर वाटेत वाया गेलेल्या न्यूट्रॉनांची भरपाई कशी करायची? त्यासाठी एका न्यूट्रॉनमधून दोन सोडवणारी बेरिलियम किंवा शिसे यांसारखी द्रव्ये आवरणात मिसळावी लागतात. कागदावर हे जमते. चालू भट्टीत पूर्ण प्रमाणावर हे अजून कोणी करून दाखवलेले नाही.

आणि भिंत. हे न्यूट्रॉन विखंडन भट्टीतल्या न्यूट्रॉनांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे असतात आणि धातूतले अणू जागचे हलवून तो ठिसूळ करतात. अशा माऱ्यात धातू किती वर्षे टिकेल ते तपासण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ एक खास न्यूट्रॉन केंद्र उभारले जात आहे.

हा हायड्रोजन बॉम्ब तर नव्हे?

हायड्रोजन बॉम्बमध्येही संलयनच होते, म्हणून शंका स्वाभाविक आहे. पण त्या बॉम्बमधले संलयन पेटवायला आधी विखंडनाचा अणुबॉम्ब फोडावा लागतो, आणि संलयन भट्टीत तसे काहीही नसते. भट्टीत एका वेळी ग्रॅमभरच इंधन असते. चुंबक बंद पडला, हवा शिरली किंवा इंधन थांबले तर प्लाझ्मा विझतो. विखंडन भट्टी बंद केल्यावरही इंधनाची उष्णता दिवसेंदिवस काढत राहावी लागते, आणि फुकुशिमात २०११ साली तेच जमले नाही. संलयनात ती अडचण त्या प्रमाणात नाही.

धोका शून्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ट्रिटियम हायड्रोजनच असल्याने पाण्यात सहज मिसळतो आणि धातूंतूनही झिरपतो. त्याला कोंडून ठेवणे हे जिकिरीचे काम आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने आतल्या भिंती किरणोत्सारी होतात आणि काढल्यावर त्या सुरक्षित ठेवाव्या लागतात. योग्य पोलाद निवडले तर ही जोखीम शंभर वर्षांच्या आसपास ओसरते, हजारो वर्षे सांभाळावे लागणारे जळके इंधन मात्र इथे तयार होत नाही.

भारत यात कुठे आहे?

आपण समजतो त्यापेक्षा बराच पुढे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा देशात रचलेला आणि उभारलेला टोकामाक १९८९ मध्ये सुरू झाला. नंतर त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि अतिसंवाहक चुंबकांचा 'एसएसटी-१' २०१३ पासून चालू आहे. अतिसंवाहक म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला जराही विरोध न करणारा पदार्थ. त्याचे चुंबक वापरले की तांब्याच्या चुंबकांत वाया जाणारी वीज वाचते.

फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या 'इटर' प्रकल्पात युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या बरोबरीने भारत हा सातवा भागीदार आहे. करारावर २००६ मध्ये सह्या झाल्या. या यंत्राला बाहेरून वेढणारे क्रायोस्टॅट हे प्रचंड पोलादी निर्वातपात्र भारताने दिले. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे २९ मीटर, वजन ३,८५० टन. ते गुजरातेत हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ५४ भागांत घडवले गेले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि तिथे जोडले गेले. सुमारे साडेबाराशे टनांचा त्याचा तळ मे २०२० मध्ये यंत्राच्या खड्ड्यात उतरवण्यात आला. या पात्राच्या आत चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवायचे आहेत आणि त्यांच्यापासून काही मीटरांवर प्लाझ्मा १५ कोटी अंशांवर असेल.

इटरचे उद्दिष्ट क्यू दहा आहे: ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट संलयन शक्ती, तीही काही मिनिटे सलग. दहापट हा शब्द इथेही जपूनच वाचायला हवा. पन्नास मेगावॉट ही केवळ प्लाझ्मात शिरणारी उष्णता आहे. चुंबक, शीतकरण यंत्रणा, पंप धरून प्रकल्पाला लागणारी वीज ११० मेगावॉटच्या घरात, आणि काही सेकंदांच्या शिखरकाळात ६२० मेगावॉटपर्यंत जाईल. पाचशे मेगावॉट उष्णतेची वीज केली असती तर ती दोनशेच्या आतच भरली असती. इटर वीज तयारही करणार नाही, तशी त्याची योजनाच नाही. आग स्वतःच्या बळावर जळते का, एवढेच त्याला दाखवायचे आहे.

मग 'अजून तीस वर्षे' कायम तीसच का राहतात?

१९५५ साली जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचे अध्यक्ष होमी भाभा होते आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी नियंत्रित संलयनाची रीत पुढच्या दोन दशकांत सापडेल असे भाकीत केले होते. सत्तर वर्षे झाली. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला, कारण प्लाझ्मा किती खट्याळ आहे ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हते; चुंबकीय कड्यात अडकवलेला प्लाझ्मा वळवळतो, त्यात भोवरे उठतात, आणि उष्णता अपेक्षेपेक्षा फार वेगाने बाहेर झिरपते. हे ध्यानात यायला आणि आवरता यायला दशके गेली. पैसा आणि राजकारण यांचाही वाटा मोठा. इटरची कल्पना १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या भेटीत पुढे आली, करार व्हायला २००६ उजाडले, पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये येणार होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि ड्यूटेरियम-ट्रिटियम जाळण्याचे प्रयोग २०३९ मध्ये.

दरम्यान खाजगी कंपन्या उतरल्या आहेत. अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सने नव्या प्रकारच्या अतिसंवाहक पट्ट्यांचा मोठा चुंबक २०२१ मध्ये २० टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) नेऊन दाखवला. चुंबकीय क्षेत्र वाढले की यंत्र बरेच लहान करता येते, आणि लहान यंत्र लवकर बांधून होते. ही वाट मला आश्वासक वाटते. परंतु ट्रिटियमचा हिशेब आणि भिंतीचे आयुष्य हे दोन प्रश्न यंत्र लहान केल्याने सुटत नाहीत, भिंतीचा तर उलट अवघड होतो, कारण तेवढेच न्यूट्रॉन कमी जागेवर आदळतात. गुंतवणूकदारांपुढे ठेवल्या जाणाऱ्या तारखा वाचताना हे विसरू नये.

इंधन जवळजवळ फुकट असल्याने वीजही फुकट मिळेल, हा समजही सोडून द्यावा. तारापूरच्या विजेतही इंधनाचा वाटा लहानच असतो. बिल येते ते यंत्र बांधण्याचे, त्यावरच्या व्याजाचे आणि देखभालीचे. संलयनाचे यंत्र त्याहून साधे असणार नाही.

कोराडीतले ६६० मेगावॉटचे तीन संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. अशा संचाचे आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षे धरले तर ते २०४० च्या दशकात निवृत्त होतील. तिथेच आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला, त्यावर २०२३ साली जनसुनावणी झाली आणि विरोधही झाला. इटरमध्ये ट्रिटियम पहिल्यांदा जळेल २०३९ मध्ये. त्याचे निष्कर्ष हाती येणे, त्यावरून वीज देणारे पहिले प्रात्यक्षिक केंद्र रचणे आणि बांधणे यांना आणखी किमान दहा-पंधरा वर्षे लागतील. जुन्या संचांची जागा कशाने घ्यायची, सौर ऊर्जेने, साठवणुकीने, विखंडनाने की पुन्हा कोळशानेच, हा निर्णय त्याच्या आधी घ्यावा लागणार आहे, आणि तो घेताना संलयनाची वीज हिशेबात धरता येणार नाही.